पॉल ड्रूड : धातूतल्या इलेक्ट्रॉनची गोष्ट

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, जो धातू लवकर तापतो तोच वीजही चांगली वाहून नेतो, असं का, हे मुलांनी कधी विचारलंय तुम्हाला? पॉल ड्रूड यांना याच प्रश्नाने पछाडलं होतं.

त्यांचा जन्म १२ जुलै १८६३ रोजी जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे झाला. इलेक्ट्रॉनचा शोध लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती. तेव्हा, म्हणजे १९०० साली, त्यांनी मांडलं की धातूतले काही इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंसारखे मोकळे फिरतात आणि वीज व उष्णता दोन्ही वाहून नेतात.

गंमत बघा, त्यांच्या गणितात दुपटीची चूक होती आणि त्या चुकीमुळेच उत्तर प्रयोगाशी जुळलं! पुढे पुंजवादाने हे चित्र सुधारलं, पण ते वाया गेलं नाही. घन जस्तात चुंबकाच्या मदतीने मोकळे इलेक्ट्रॉन मोजायला जावं, तर उत्तर चक्क उलट्या चिन्हाचं येतं. तेच जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळलं, की अणूंची शिस्तबद्ध मांडणी मोडते आणि ड्रूड यांचं साधं चित्र छान जुळतं : दर अणूमागे दोन मोकळे इलेक्ट्रॉन.

१९०५ मध्ये ते बर्लिनच्या भौतिकी संस्थेचे संचालक झाले. ५ जुलै १९०६ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस आठवड्यावर असताना, त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं.

म्हणून सांगावंसं वाटतं, मुलाचं उत्तर चुकलं तरी त्यामागचा विचार बघा. आणि हुशार मूल आहे, त्याला काय होतंय, असं न म्हणता त्याचीही विचारपूस करा.