कै. बाळू पालवणकर

हिंदी क्रिकेटच्या आरंभकाळातील थोर गोलंदाज कै. बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. बालपण पुण्यास गेले. तेथील गोऱ्यांच्या पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर ते खेळपट्टीची निगा राखीत व साहेबलोकांस सरावासाठी चेंडू टाकीत. ग्रेगसाहेबांसारख्या निष्णात फलंदाजास रोज चेंडू टाकूनच त्यांचा डावा हात तयार झाला. बॅट मात्र तेथे त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

पुढे पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांस आपल्या संघात घेतले, ते गोऱ्यांस हरविण्याच्या ईर्षेने. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांस चाले; चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे! बाळूंनी हे मुकाट्याने सोसले व बळी घेत राहिले. मुंबईस आल्यावर १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांस १०९ धावांनी नमविले, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता.

त्यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे १९११ चा इंग्लंड दौरा. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या त्या संघाने २३ पैकी अवघे सहा सामने जिंकले. अशा पडत्या संघात पस्तिशीतील बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांच्याही आत! लीस्टरशायरवरील विजयात त्यांचे अकरा बळी होते. धाकटे बंधू शिवराम यांनी सॉमरसेटविरुद्ध नाबाद शतक काढून दुसरा विजय मिळवून दिला. लॉर्ड्‌सचे मैदान ज्यांस मोकळे होते, त्यांच्याच समाजबांधवांस आपल्या नाशकात पुढे १९३० साली काळारामाच्या दर्शनासाठी सत्याग्रह करावा लागला, हे वाचकांच्या ध्यानी असेलच.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंस लाभले नाही. १९२० साली उपकर्णधारपद मिळाले, तेही भावांनी संघातून अंग काढून घेतल्यावर. १९२३ साली मात्र बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि चौरंगी सामन्यांत त्यांनी युरोपियनांवर विजय मिळविला. ज्येष्ठ बंधूंनी सोसले, त्याचे फळ धाकट्याच्या पदरी पडले, असे आम्हांस वाटते.

राजकारणात बाळूंना यश आले नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे उभे राहून डॉ. आंबेडकरांकडून त्यांचा पराभव झाला. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.