सापाच्या हृदयाकडून शिकणारा सर्जन : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण कोणी केलं असं विचारलं की आपण पटकन डॉ. ख्रिश्चन बार्नार्ड यांचं नाव सांगतो. केपटाऊन, 3 डिसेंबर 1967. पण त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत मुंबईच्या केईएम रुग्णालयातही हीच शस्त्रक्रिया झाली होती, हे किती जणांना माहीत आहे? ती करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन.

सेन यांचा जन्म 1915 सालचा, कोलकात्याचा. डॉक्टरकीचं शिक्षण मात्र मुंबईत, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. 1938 मध्ये ते एमबीबीएस झाले. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रशिक्षण घेतलं आणि परत केईएमलाच आले. धडधडत्या हृदयावर चाकू चालवायचा विचारसुद्धा आपल्याकडे नवा होता तेव्हा. 1950 च्या दशकात त्यांनी अरुंद झालेल्या झडपा मोकळ्या करण्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू हृदय शस्त्रक्रियेचा एक मोठा विभागच उभा केला. तोही महापालिकेच्या रुग्णालयात, जिथे गोरगरीब येतात.

सेन यांचं काम समजायला आपला हृदयाचा धडा आठवावा लागेल. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका, खालचे दोन म्हणजे जवनिका (काही पुस्तकांत अलिंद आणि निलय). उजवी जवनिका रक्त शेजारच्या फुप्फुसांकडे ढकलते, डावी ते साऱ्या अंगभर पाठवते. म्हणून डावीची भिंत उजवीपेक्षा बरीच जाड असते. फळ्यावर आकृती काढताना आपण दोन्ही भिंती सारख्याच काढतो, तेवढं सांभाळा! जवनिकांचा हा स्नायूच आजारी पडला तर भिंत कधी ढिली होऊन कप्पा फुगतो, कधी ती नको इतकी जाड होते. रक्त ढकलायची ताकद कमी होत जाते. अशा माणसाला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, पायांवर सूज येते.

आज हे पाहायला टू-डी इको आहे. आपल्या तळेगावातून कोणी सेवाग्रामला किंवा नागपूरला जाऊन ही तपासणी करून आलं, तर त्यांच्या रिपोर्टवर एक टक्केवारी असते. डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, त्याची ती टक्केवारी. निरोगी माणसात ती साधारण 50 ते 70 असते. शंभर का नाही, असं विचारून पालक घाबरतात, पण घाबरू नका, हृदय कधीच पूर्ण रिकामं होत नाही. ध्वनिलहरींनी हृदय पाहायची सुरुवात 1953 मध्ये स्वीडनमधल्या एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी केली. धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र त्यांनी छातीवर लावून पाहिलं होतं. पण हलत्या कप्प्यांचं आज दिसतं तसं चित्र सेन यांच्या उमेदीच्या काळात नव्हतं. तेव्हा आधार होता तो एक्स-रेमधल्या सावलीचा, ईसीजीचा आणि शिरेतून नळी सरकवून हृदयातला दाब मोजण्याचा. त्याच नळीतून रंगद्रव्य सोडलं की जवनिकेचा आकार एक्स-रेवर उमटायचा, पण तपासणी नाजूक होती.

मला स्वतःला सेन यांची सगळ्यात आवडणारी गोष्ट सापाची आहे. सापाच्या हृदयात एकच जवनिका असते आणि तिची भिंत स्पंजासारखी. कप्प्यातलं रक्त आतल्या बाजूनंच स्नायूत झिरपतं. आपल्या हृदयाचा स्नायू मात्र बाहेरून येणाऱ्या धमन्यांवर जगतो. त्या तुंबल्या की स्नायू उपाशी! सेन यांना वाटलं, माणसाच्या जवनिकेच्या भिंतीलाही सुईनं बारीक छिद्रं पाडली तर? डॉ. परुळकर, डॉ. उडवाडिया या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी प्रयोग केले आणि 1965 मध्ये ते प्रसिद्ध केले. ती छिद्रं टिकत नाहीत, बुजतात, हे नंतर कळलं. तरी पुढे इतर देशांत सुईऐवजी लेझर वापरून हाच विचार पुन्हा करून पाहिला गेला.

आता 1968. कुत्र्यांवर प्रत्यारोपणाचा सराव आधीच चालू होता. 16 फेब्रुवारीला हृदयस्नायूच्या आजारानं खंगलेल्या एका तरुणाला, अपघातात डोक्याला जबर मार लागलेल्या एका तरुणीचं हृदय बसवलं गेलं. जगातलं हे सहावं प्रत्यारोपण, आशियातलं पहिलं. नवं हृदय चाललं, पण रुग्ण जेमतेम तीन तास जगला. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला होता. दुसऱ्याच्या छातीत हलक्या दाबावर काम करायची सवय असलेली उजवी जवनिका अचानक एवढा भार कसा पेलणार? आज प्रत्यारोपणाआधी हा दाब आणि उजव्या जवनिकेची ताकद कसून तपासतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तो रुग्ण चौदा तास जगला.

मग ते थांबले. काही जणांना ही माघार वाटते, मला नाही वाटत. शरीर परकं हृदय नाकारतं, त्यावर चांगलं औषध नव्हतं. मेंदूमृत्यूला आपल्याकडे कायद्याची मान्यता नव्हती. बार्नार्ड यांचा पहिला रुग्णही अठरा दिवसच जगला आणि जगभर बहुतेक शल्यचिकित्सकांनी पुढच्या एक-दोन वर्षांत हात आखडता घेतला. सेन यांना 1969 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1982 मध्ये त्यांचं निधन झालं. अवयव नाकारणं रोखणारं सायक्लोस्पोरिन हे औषध तेव्हा नुकतंच वापरात येत होतं. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आपल्या देशात 1994 मध्ये झाला आणि त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी बसवलेलं हृदय घेऊन एक रुग्ण चालत घरी गेला.