काळ्या गाडीची चकाकी आणि चार्ल्स केटरिंग

काळी गाडी असावी असं पुष्कळांना वाटतं. पण ती सांभाळणं म्हणजे काय हे घेतल्यावरच कळतं. शोरूममधून निघताना बॉनेटमध्ये आपला चेहरा दिसतो. मग रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसली जाते, पक्षी आपली सही करून जातात, बोअरच्या खारट पाण्याचे थेंब उन्हात वाळतात, आणि वर्षभरात त्याच बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसू लागतात. पांढऱ्या गाडीवर त्याच रेघा असतात, फक्त दिसत नाहीत. कारण साधं आहे. पांढरा रंग तसाही सगळीकडे प्रकाश फेकतो, त्यात ओरखड्यावरून विखुरलेला प्रकाश लपून जातो. काळा रंग आत गेलेला प्रकाश गिळून टाकतो आणि आपल्याला दिसतो तो फक्त वरच्या गुळगुळीत थरावरून परत आलेला. त्या थरावर ओरखडा पडला की लगेच चुगली होते.

अशी गाडी पुन्हा आरशासारखी करून देणारे डिटेलिंगवाले आता आपल्या शहरांतही झाले आहेत. पण गॅरेजमध्ये किंवा फर्निचरवाल्याकडे आपण सर्रास ऐकतो तो ‘ड्युको’ हा शब्द कुठून आला, आणि गाडीचा रंग घासून परत चमकवता येतो ही सोय कशी झाली, हे पाहायला गेलं की एका इंजिनिअरचं नाव पुढे येतं. तो म्हणजे चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

डोळ्यांनी दगा दिलेला विद्यार्थी

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी झाला. पाच भावंडांतला हा चौथा. लहानपणापासून दृष्टी अधू. थोडं वाचलं की डोकं दुखायचं. शाळा संपल्यावर काही काळ त्याने खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली. मग वूस्टर कॉलेज, आणि तिथून ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला प्रवेश.

इथे डोळ्यांनी पुरता दगा दिला. शिक्षण अर्धवट सोडून घरी यावं लागलं. आपल्या भाषेत ड्रॉप लागला! पण पठ्ठ्या खचला नाही. एका टेलिफोन कंपनीत खांब पुरण्याच्या आणि तारा ओढण्याच्या कामावर लागला, लवकरच त्या टोळीचा फोरमन झाला. उघड्या हवेतल्या कामाने डोळ्यांना आराम मिळाला आणि विजेचं काम हाताला कळू लागलं. मग तो परत कॉलेजात गेला. सोबतची मुलं पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची आणि हा ऐकून अभ्यास करायचा. हॉस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री काय चालतं ते आपल्याला माहीत आहेच. एकाने वाचायचं आणि चौघांनी ऐकायचं, हा प्रकार जुनाच आहे म्हणायचा. १९०४ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी केटरिंग इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला.

गल्ल्यापासून स्टार्टरपर्यंत

पहिली नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातला गल्ला तेव्हा हाताने दांडा फिरवून चालायचा. केटरिंगने त्याला छोटी विजेची मोटर बसवली. १९०५ मध्ये ऑलिव्ह विल्यम्सशी लग्न झालं. पुढे १९०९ मध्ये नोकरी सोडून एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर त्याने स्वतःची कंपनी काढली. डीड्सच्या घरामागच्या गोठ्यासारख्या कोठारात काम सुरू झालं होतं. डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, म्हणजेच डेल्को.

त्या काळी गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे. इंजिनने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं, प्रसंगी जीवही जायचा. इंजिन फिरवायला लागणारी मोटर इतकी मोठी असेल की ती गाडीत मावणारच नाही, असं तज्ज्ञांचं गणित होतं. गणित बरोबर होतं, पण गृहीतक चुकीचं! मोटर दिवसभर चालवायची असती तर ती मोठीच लागली असती. इथे ती दोन-चार सेकंदच चालायची होती. गल्ल्याच्या मोटरवरून केटरिंगला हे ठाऊक होतं की छोट्या मोटरवर क्षणभर भरपूर लोड टाकला तरी ती जळत नाही. शिवाय इंजिन सुरू झाल्यावर तीच मोटर जनरेटर होऊन बॅटरी चार्ज करी. १९११ मध्ये हा स्टार्टर कॅडिलॅक कंपनीला दाखवला गेला आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये आला.

डेल्को पुढे जनरल मोटर्सकडे गेली आणि १९२० पासून केटरिंग त्या कंपनीच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला. ती खुर्ची त्याने १९४७ पर्यंत सांभाळली.

रंग वाळायला इतका वेळ का?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १९२० च्या सुमाराला गाडीचा रंग ही कारखान्याची मोठी डोकेदुखी होती. महागड्या गाड्यांना घोडागाडीसारखं तेलाचं व्हार्निश लावत. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, दुसरा हात द्यायचा. सगळं होईपर्यंत कित्येक आठवडे. तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्यामुळे घाई करून उपयोग नसे. इतकं करून तो रंग उन्हापावसात लवकर खराब व्हायचा तो व्हायचाच.

फोर्डने यातून वेगळी वाट काढली होती. डांबरी पदार्थापासून केलेलं काळं एनॅमल द्यायचं आणि भट्टीत भाजायचं. स्वस्त, टिकाऊ, पटकन होणारं. म्हणून १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे. डांबरापासून लाल किंवा निळा रंग कसा होणार?

केटरिंगने रंगाच्या तज्ज्ञांची बैठक घेतली. तज्ज्ञांची तयारी फार तर काही दिवस वाचवण्याची होती आणि याला हवा होता तासाभराचा हिशोब, असं सांगतात. पुढची गोष्टही अशीच प्रसिद्ध आहे : न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्याला टाचण्या ठेवायची छोटी रंगीत तबकडी दिसली. तिचा चकचकीत रंग वेगळा वाटला म्हणून तो शोध घेत न्यू जर्सीतल्या एका छोट्या कारागिरापर्यंत पोचला. तो लॅकर वापरत होता, पण गाडीसाठी ते चालणार नाही असं त्याचं मत पडलं, कारण ते फारच लवकर वाळे. स्प्रे गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंतच वाळायचं.

गोष्टीतला मीठमसाला सोडून देऊ, पण तांत्रिक अडचण खरी होती. हे लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, स्फोटकांतल्या गनकॉटनचं भावंड. ते सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं. सॉल्व्हंट उडून गेलं की मागे पातळ थर राहतो. पण ते इतकं घट्ट होई की फवारण्यासाठी खूप पातळ करावं लागे, आणि मग असंख्य हात द्यावे लागत. ड्युपाँ ही मुळात स्फोटकांची कंपनी, आणि तिचे जनरल मोटर्समध्ये मोठे शेअर्स होते. तिच्या प्रयोगशाळेत १९२० मध्ये नायट्रोसेल्युलोज कमी चिकट करण्याची युक्ती सापडली. आता एकाच हातात जास्त रंग बसू लागला. जोडीला सावकाश उडणारी सॉल्व्हंट वापरली. मका आंबवून मिळणाऱ्या ब्युटेनॉलपासून केलेलं ब्युटाइल अॅसिटेट हे त्यातलं महत्त्वाचं. म्हणजे बघा, घाई हवी होती म्हणून लॅकर आणलं आणि ते नीट बसावं म्हणून त्याचीच घाई थोडी कमी केली!

दोन्ही कंपन्यांच्या लोकांनी मिळून हा रंग गाडीलायक केला. नाव ठेवलं ड्युको. १९२३ मध्ये ओकलंड कंपनीच्या १९२४ च्या मॉडेलवर तो निळ्या छटेत आला. आठवड्यांचं काम दोन-तीन दिवसांवर आलं आणि स्वस्त गाडीसुद्धा रंगीत झाली. काळ्याची मक्तेदारी संपली. ‘ड्युको’ हे नाव मात्र आपल्याकडे कोणत्याही स्प्रे रंगाला चिकटलं ते कायमचं.

घासणं म्हणजे वजाबाकी

ड्युकोची एक खोड होती. गनमधून आलेला रंग फार चमकत नसे. तो घासून पॉलिश करावा लागे. उन्हाने वरचा थर मेला की रंग खडूसारखा फिका पडे. पण बारीक अपघर्षकाने तो मेलेला थर काढला की खाली ताजा रंग मिळे. ड्युपाँने ड्युको पॉलिशसुद्धा विकायला काढलं. आजच्या डिटेलिंगची मूळ कल्पना हीच आहे.

आजच्या गाडीवर मात्र खाली रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. प्रायमरपासून वरपर्यंत सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या जर्नलच्या एक-दीड पानाइतकं. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन. म्हणून चांगला कारागीर आधी मशीन हातात घेत नाही. तो गाडी भरपूर पाण्याने धुतो, चिकटलेला कचरा क्ले बारने काढतो, थिकनेस गेजने जाडी मोजतो. मग सावलीत, थंड पत्र्यावर, छोट्याशा तुकड्यावर सगळ्यात सौम्य पॉलिश करून बघतो. त्याने भागलं नाही तरच जास्त कडक कंपाउंड. कडा आणि कोपऱ्यांवर थर पातळ असतो, तिथे हात हलका. पांढऱ्या पॅडवर काळा रंग उतरला तर समजायचं की वर क्लिअर कोट नाही, जुन्या पद्धतीचा एकेरी रंग आहे, किंवा क्लिअर कोट केव्हाच घासून संपला आहे.

दर वेळी काही मायक्रॉन जातात, ते परत येत नाहीत. नख अडकतं इतका खोल ओरखडा काढायला गेलं तर सगळा क्लिअर कोट पणाला लागतो, म्हणून तो थोडा सौम्य करून सोडून द्यावा. क्लिअर कोटची सालं निघायला लागली असतील तर कितीही घासा, उपयोग नाही, रंगच परत मारावा लागतो. शेवटचं वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग संरक्षण देतं. गेलेली जाडी भरून देत नाही. आणि हे सगळं करून घरी पुन्हा कोरडं फडकं फिरवलं तर सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न!

केटरिंगच्या नावावरचे ओरखडे

केटरिंगचं सगळंच चमकलं असं नाही. तांब्याच्या पात्यांनी हवेवर थंड होणारं इंजिन त्याने शेवरोलेसाठी केलं. १९२३ मध्ये घाईने बाजारात आणलं आणि ते तापू लागलं. ७५९ गाड्या बनल्या होत्या. ग्राहकांकडे गेलेल्या परत बोलावल्या. केटरिंगने राजीनामा देऊ केला, अध्यक्ष स्लोन यांनी तो घेतला नाही. ड्युकोचं यश त्याच वर्षीचं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरा ओरखडा खोल आहे. इंजिनचं नॉकिंग थांबवायला त्याच्या हाताखालच्या टॉमस मिजली याने १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड शोधलं. शिसं विष आहे हे तेव्हाही माहीत होतं. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे या दोघांना स्वतःच्या प्रयोगांतून ठाऊक होतं. तरी १९२३ मध्ये शिशाचं पेट्रोल विक्रीला आलं, आणि नंतर निघालेल्या एथिल कंपनीचा केटरिंग अध्यक्ष झाला. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका रिफायनरीत ते बनवणारे पाच कामगार दगावले. इतर ठिकाणीही बळी गेले. १९२५ मध्ये सरकारी परिषद भरली, डॉक्टरांनी धोका सांगितला, विक्री थोडा काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. केटरिंग शिशाच्या बाजूने उभा राहिला. भारतात हे पेट्रोल २००० साली बंद झालं आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ मध्ये. मधल्या काळात कित्येक पिढ्यांच्या मुलांच्या रक्तात शिसं गेलं. त्याला कुठलंही पॉलिश नाही.

पुढे रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर त्याने मोठं काम केलं. १९४५ मध्ये स्लोन आणि केटरिंग यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधन संस्था उभी राहिली. १९४६ मध्ये ऑलिव्ह गेली. नोव्हेंबर १९५८ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, केटरिंगही गेला. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरातलं एक इंजिनिअरिंग विद्यापीठ १९९८ पासून त्याच्या नावाने ओळखलं जातं.

मित्रांनो, इतका वेळ का लागतो, हा प्रश्न केटरिंगने आयुष्यभर विचारला आणि आपणही तो विचारायला हवा. स्टार्टरच्या आणि रंगाच्या बाबतीत त्याने पाहिलं की वेळ, वजन आणि अडचणी यांतल्या बऱ्याचशा नुसत्या सवयीच्या आहेत. शिशाच्या बाबतीत मात्र थांबा म्हणणारे डॉक्टर सवयीपोटी बोलत नव्हते. त्यांच्यापुढे मेलेली माणसं होती. अडवणाऱ्यांतलं कोण सवयीने अडवतंय आणि कोण कारणाने, हे ओळखणं कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. ते चुकलं तर काय होतं, हे सांगायला केटरिंगसारख्या मोठ्या इंजिनिअरचं आयुष्य पुरेसं आहे.