ध्यास आणि व्यवहार

हल्ली तरुणांस उपदेश करणाऱ्यांचे पेव फुटले आहे. ज्या कामाचा मनापासून ध्यास असेल तेच काम धरा, म्हणजे पैसा व कीर्ती आपल्या पायांनी चालत घरी येतील, हा त्या उपदेशाचा सारांश होय. हा उपदेश ऐकावयास गोड आहे आणि अगदीच खोटा आहे असेही आम्ही म्हणत नाही. परंतु तो अपुरा आहे, व अपुऱ्या सत्यावर विसंबून ज्यांनी घरची शेती विकली, कर्जे काढली व शेवटी हात चोळीत बसले, असे तरुण आमच्या पाहण्यात आहेत. म्हणून धंद्यात ध्यासाचे स्थान कोणते, याचा विचार एका थोर व्यापाऱ्याच्या चरित्राच्या आधाराने करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी वर्धा जिल्ह्यातील वाचकांस परगावी जाण्याचे कारण नाही. शेट जमनालाल बजाज यांचे चरित्र त्यांच्या दाराशीच घडले आहे.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जयपूर संस्थानातील सीकरनजीकच्या काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. घरची स्थिती साधारण होती. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेट बच्छराज यांनी त्यांस बालपणीच आपला नातू म्हणून दत्तक आणविले. शाळेतील शिक्षण मराठी चार इयत्तांच्या पलीकडे गेले नाही. पुढे पेढीवरच जमाखर्च, कापसाची पारख आणि माणसांची पारख या तीन विद्या त्यांनी संपादिल्या. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात धरावी. कापसाचा व्यापार जमनालालजींनी आवडीने निवडला नव्हता. दत्तविधानाबरोबर पेढीही आली. तेव्हा आपणांस मनाजोगता धंदा लाभला नाही म्हणून हातपाय गाळून बसणाऱ्यांस या चरित्रात आधार सापडावयाचा नाही.

मग ध्यास म्हणून जो म्हणतात तो त्यांच्या ठायी कोठे होता? त्याचे पहिले दर्शन लहानपणीच घडते. खर्चासाठी म्हणून त्यांस रोज एक रुपया मिळत असे. त्यातून साठविलेले शंभर रुपये त्यांनी लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने निघावयाच्या हिंदी केसरीसाठी सन १९०६ मध्ये देऊन टाकिले. पुढे लाखांच्या देणग्या त्यांच्या हातून झाल्या, परंतु स्वतःच्या चैनीतून काटून दिलेल्या या शंभर रुपयांचे मोल आम्हांस त्याहून कमी वाटत नाही.

दुसरा प्रसंग सन १९०७ मधला. एका लग्नसमारंभास जाताना दागदागिने घालण्यावरून आजोबा व नातू यांच्यात वाद झाला. बच्छराजांनी रागाच्या भरात आपल्या संपत्तीचा उल्लेख केला, तो या सतरा वर्षांच्या मुलाच्या जिव्हारी लागला. त्याने आजोबांस नम्रपणे एक पत्र लिहून त्यांच्या मालमत्तेवरील आपला सर्व हक्क सोडला व तो घराबाहेर पडला. लोकांनी समजूत घालून त्यास परत आणिले, आणि बच्छराज त्याच वर्षी निवर्तले.

आम्ही कायद्याचे अभ्यासक आहो, सबब या पत्राकडे त्या दृष्टीनेही पाहतो. यथाशास्त्र झालेले दत्तविधान मोडता येत नाही. दत्तक पुत्र सज्ञान असेल तर तो वारसाहक्क सोडू शकेल, परंतु अठरा वर्षे पुरी न झालेल्या अज्ञान मुलाने लिहून दिलेल्या अशा कागदास न्यायालयात कवडीचीही किंमत नाही. पेढी, जमीन व रोकड ही सर्व जमनालालजींची होती, व त्यांनी ती निःशंकपणे भोगली असती तर एकाही वकिलास हरकत घेता आली नसती. असे असता त्यांनी तो रद्दी कागद जन्मभर स्वतःवर बंधनकारक मानिला. वारसाने आलेली संपत्ती ही आपली नव्हे, ती लोककार्यासाठी आपल्याकडे ठेव म्हणून आली आहे, या समजुतीने ते वागले. कायदा जेथे मनुष्यास मोकळे सोडतो तेथून पुढे त्याच्या चारित्र्याची परीक्षा सुरू होते, हे आम्हां वकिलांस तरी या प्रकरणाने शिकवावे.

व्यापारात त्यांचा जम बसला, पेढीचा विस्तार झाला, सरकारने त्यांस ऑनररी मॅजिस्ट्रेट नेमिले व रायबहादुर ही पदवीही दिली. बहुतेक यशस्वी व्यापाऱ्यांचे चरित्र येथे संपते. जमनालालजींचे येथून सुरू झाले. सन १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. त्याच वेळी त्यांनी गांधीजींपाशी आपणांस पाचवा पुत्र मानावे अशी मागणी केली, व ती मान्य झाली. एकदा दत्तक गेलेल्या मनुष्याने या वेळी आपला पिता आपण होऊन निवडला! असहकारितेच्या चळवळीत पदवी व मॅजिस्ट्रेटी ही दोन्ही गेली. ज्या वकिलांनी देशासाठी वकिली सोडली त्यांच्या निर्वाहाकरिता टिळक स्वराज्य फंडात त्यांनी एक लाख रुपये दिले. काँग्रेसचे खजिनदार म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे सार्वजनिक पैशाचा हिशेब सांभाळला. सन १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व करून ते तुरुंगात गेले, आणि दंडाच्या वसुलीसाठी त्यांची मोटार जप्त झाली तेव्हा तिला नागपुरात गिऱ्हाईक मिळेना. व्यापाऱ्याची पत याहून मोठी ती कोणती?

सन १९२८ च्या जुलै महिन्यात त्यांनी वर्ध्यातील आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानिलेल्या बांधवांस खुले केले. भाषणात सुधारक व घरात सनातनी असे पुष्कळ भेटतात. आजोबांनी बांधिलेल्या देवळाचे दार उघडणे म्हणजे जातीचा, नात्यागोत्याचा व गिऱ्हाइकांचाही रोष ओढवून घेणे होते. तो त्यांनी पत्करला.

इतके करून त्यांनी धंद्याकडे पाठ फिरविली असेही नाही. सन १९३१ मध्ये संयुक्त प्रांतातील गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना त्यांनीच काढिला. परंतु मिळकतीचा ओघ वर्ध्याकडे वळविला. विनोबाजी सन १९२१ मध्ये वर्ध्यास आले ते त्यांच्याच आग्रहाने. सन १९३४ मध्ये त्यांनी आपली बाग ग्रामोद्योग संघास दिली, तीच मगनवाडी. त्यांची मालगुजारी असलेल्या शेगावी गांधीजी सन १९३६ मध्ये राहावयास गेले, तेच पुढे सेवाग्राम झाले. अखेरच्या दिवसांत त्यांनी गोसेवेचे व्रत घेतले व ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, वर्ध्यास देह ठेविला.

या चरित्रावरून आमचा निष्कर्ष असा. नाद, छंद व ध्यास हे तीन शब्द आपल्या भाषेने वेगळे ठेविले आहेत ते उगीच नव्हे. सट्टेबाजासही रात्र रात्र झोप नसते, परंतु तो नाद होय. फुरसतीची आवड हा छंद. ध्यास त्याला म्हणावे की ज्याच्यासाठी मनुष्य पदरची वस्तू सोडावयास तयार होतो. जमनालालजींचा ध्यास कापसाचा किंवा साखरेचा नव्हता. मिळविलेला पैसा कशासाठी, या प्रश्नाचा होता, आणि त्या ध्यासानेच त्यांच्या व्यवहारास शिस्त व शब्दास पत आणिली.

मात्र येथेच आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जमनालालजींच्या ध्यासापाठीमागे बच्छराजांची पेढी उभी होती. ती नसती तर तोच बुद्धिमान मुलगा काशी का बासमध्ये कदाचित अज्ञातच राहिला असता. एका सज्जन मालगुजाराच्या औदार्यावर साऱ्या जिल्ह्याचे भवितव्य टांगून ठेवणे आम्हांस मान्य नाही. मालगुजारी तर सन १९५१ मध्ये कायद्यानेच नाहीशी झाली, व ते योग्यच झाले. परंतु भांडवलाचा प्रश्न काही तिच्याबरोबर गेला नाही. सन २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत वर्धाही होता. ज्या मातीतल्या कापसाने पेढ्या उभ्या केल्या तीतला कुणब्याचा मुलगा आज पुण्याची वाट धरतो. त्यास केवळ ध्यास बाळग म्हणून सांगणे म्हणजे उपाशी माणसास भूक चांगली लागो असा आशीर्वाद देणे होय.

तरुणांस आमचे सांगणे इतकेच की, हाती आलेले काम आवडते नाही म्हणून टाकू नका. हिशेब चोख ठेवा. आणि हे कशासाठी, असे स्वतःस वरचेवर विचारा. परंतु या जिल्ह्यातील धनिक, सहकारी पतसंस्था व बँका यांस आमचे सांगणे अधिक निकडीचे आहे. ज्याच्याजवळ ध्यास आहे व बच्छराज नाही, अशा मुलाच्या पाठीशी उभे राहणे हे तुमचे काम आहे. जमनालालजींच्या पुतळ्यास हार घालणे सोपे आहे. आपल्या तिजोरीतील पैसा ही ठेव आहे असे मानणे कठीण, आणि त्यांनी मागे ठेविलेला वारसा तोच आहे.