उलटतपासणीला उभे राहिलेले गांधीजी आणि व्हीआर हेडसेट

स्टेजवर गेलं की घसा कोरडा पडतो? मोहनदास गांधींचंही तसंच व्हायचं, तेही बॅरिस्टर झाल्यावर.

लंडनमध्ये शिकताना ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत होते, पण बैठकांत गप्प बसायचे. एकदा व्हेंटनर गावी जेमतेम पानभर भाषण लिहून नेलं. उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटी सोबत्यानं ते वाचलं. भारतात परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिली केस मिळाली, फी ३० रुपये. उलटतपासणीला उठले आणि एकही प्रश्न सुचेना. दुसरा वकील बघा, फी परत घ्या, असं सांगून ते तिथून निघून गेले.

हे निघून जाणंच घातक असतं. पळ काढला की लगेच हायसं वाटतं, आणि पळालो म्हणून वाचलो हे मेंदूत पक्कं बसतं. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी! उपचारात याच्या उलट करतात: भीतीच्या जागी थांबायचं, पायरीपायरीनं. व्हीआर त्यासाठीच वापरतात. हेडसेटमध्ये आधी रिकामी खोली, मग चार श्रोते, मग भरलेला हॉल. थेरपिस्ट त्या श्रोत्यांना जांभया द्यायला लावू शकतो, मोबाइलमध्ये डोकं घालून बसवू शकतो. माणसं खोटी आहेत हे माहीत असतं, तरी छाती धडधडतेच. म्हणून तर सराव उपयोगी पडतो. शिवाय तोच प्रसंग दहादा घेता येतो. खऱ्या कोर्टात ही सोय कुठली?

गांधीजींना या पायऱ्या अनायासे मिळाल्या. १८९३ मध्ये प्रिटोरियात एका व्यापाऱ्याच्या घरी ते हिंदी लोकांसमोर व्यापारातल्या सचोटीवर बोलले. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण, पण घरगुती बैठकीत. भीती काही सरळ उतरत जात नाही, बरं का. १८९६ ला मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या पुढाकारानं मोठी सभा भरली, तिथे आवाज पुन्हा बसला आणि त्यांचं भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखवलं. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ठराव मांडतानाही ते थरथरत होते, पण या वेळी कागद दुसऱ्याच्या हातात गेला नाही.

लाजाळूपणा पूर्ण गेला नाही, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच मान्य केलंय. त्याच मुंबईत, ८ ऑगस्ट १९४२ ला, ७२ वर्षांचे गांधीजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’ ठरावावर बोलले. आधी हिंदीत, मग इंग्रजीत.