मुंग्यांच्या वारुळातले बी : डॉ. नॉर्टियर

तागाचे पिवळे फूल आपण पाहिले असेलच. त्याच तागाच्या नात्यातले, पण सुईसारख्या बारीक पानांचे एक झुडूप दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या उत्तरेस सीडरबर्गच्या डोंगरांत उगवते. त्याचे नाव रॉयबॉस, म्हणजे लाल झुडूप. वास्तविक ते हिरवेच असते; पाला कापून, कुटून, ओला करून ढिगात आंबवला की तो लाल होतो. मग उन्हात वाळवायचा. ही रीत तेथील मूळच्या खोई व सान लोकांची. १९०४ च्या सुमारास बेंजामिन गिन्सबर्ग या व्यापाऱ्याने हा पाला त्यांच्याकडून घेऊन बाजारात आणला. पण सगळा माल रानातला. तोडत राहिले तर पुरणार किती?

क्लॅनविल्यम गावी तेव्हा डॉ. पीटर ल फ्रास नॉर्टियर सरकारी डॉक्टर होते. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला शिकलेला हा माणूस आडगावात रुग्ण तपासत राहिला आणि उरलेल्या वेळात झाडे अभ्यासत राहिला. तो भाग कोरडा, जमीन रेताड व आम्ल; इतर पिके तेथे फारशी साधत नाहीत. रॉयबॉसची लागवड जमली तर गरीब शेतकऱ्याच्या हाती नगदी पीक येईल, हे त्यांनी ओळखले आणि १९३० च्या सुमारास प्रयोग सुरू केले.

अडचण बियांची होती. या झुडपाच्या शेंगेत साधारणपणे एकच बी, तेही मोहरीसारखे बारीक, आणि शेंग पिकली की तडकून ते लांब उडते. वाळूत शोधायचे कसे? काडेपेटीभर बियांना पाच पौंड देऊ, असे डॉक्टरांनी गावात सांगितले. एक खोई बाई पुनःपुन्हा बी घेऊन येऊ लागली. मुंग्या बी ओढून नेताना तिने पाहिल्या होत्या; वारूळ उकरले तर आत कोठारच! ही हकीकत सांगताना डॉक्टरांचे नाव सगळे घेतात, तिचे मात्र कोणी घेत नाही. आमच्या मते निम्मा शोध तिचा आहे.

बी मिळाले तरी ते रुजेना, कारण कवच फार टणक. डॉक्टरांनी ते जात्यासारख्या दोन दगडांमध्ये हलके घासून पाहिले. कवच खरवडले, पाणी आत शिरले, कोंब फुटले. दुसऱ्या महायुद्धात आशियातला चहा मिळेनासा झाला तेव्हा या लाल चहाची मागणी वाढली आणि शेतकऱ्यांकडे पीक होते.

स्टेलेनबॉश विद्यापीठाने १९४८ मध्ये नॉर्टियर यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९५५ मध्ये ते वारले. खोई व सान लोकांना या धंद्यातल्या उत्पन्नाचा वाटा देण्याचा करार व्हायला मात्र २०१९ साल उजाडले.