गिलसाहेबांची वंशावळ

सौंसर-पांढुर्ण्याकडच्या जुन्या मराठी घरांत कुळाचा विषय निघाला की नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांची आठवण हटकून होते. पणजोबा यात्रेला केव्हा आले होते, बरोबर भाऊ-पुतणे कोण होते, मूळ गाव कोणते, हे सारे त्या वह्यांत सापडते. इंग्रज मंडळी आपले पूर्वज शोधतात ते चर्चमधील बारशा-लग्नाच्या नोंदींत, पलटणीच्या दप्तरांत आणि थडग्यांवरील शिळांवर. मराठी मुलखात आयुष्य वेचून येथल्याच मातीत विसावलेल्या एका इंग्रजाचा असा माग घेण्यासारखा आहे. ते म्हणजे अजिंठ्याचे चित्रकार मेजर रॉबर्ट गिल.

गिल यांचा जन्म 1804 साली लंडनमध्ये झाला. तरुणपणीच ते मद्रासच्या फौजेत दाखल झाले. अजिंठ्याची लेणी 1819 साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली होती. 1843 साली जेम्स फर्ग्युसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे तेथील चित्रांच्या दुर्दशेची कैफियत मांडली. त्या चित्रांच्या नकला करण्याचे काम 1844 साली कंपनी सरकारने गिल यांच्याकडे सोपविले. निजामाच्या मुलखातील अजिंठे गावच्या बारादरीत त्यांनी बिऱ्हाड केले. तेथून घाट उतरून वाघूर नदीच्या वळणावरील लेण्यांत जायचे आणि अंधुक उजेडात, वटवाघळांच्या वासात भिंतीवरचे चित्र मूळ आकारात कापडावर तैलरंगांत उतरायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी लेण्यांची छायाचित्रेही घेतली. फर्ग्युसन यांच्या लेखनासह ती 1864 साली पुस्तकरूपाने निघाली.

नकला विलायतेला रवाना होत गेल्या आणि लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या. 1866 च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि मोजक्या नकला सोडता सर्वांची राख झाली. जवळजवळ वीस वर्षांची मेहनत गेली! त्या वेळी गिल यांची साठी उलटून गेली होती. तरी त्यांनी पुन्हा कुंचला हाती घेतला.

आता त्यांच्या घराकडे वळू. 1841 साली त्यांचे फ्रान्सिस रिकर्बी यांच्याशी लग्न झाले. मुलेबाळे झाली. पुढे पत्नी मुलांसह इंग्लंडला निघून गेली. ही सारी हकीगत कागदोपत्री लागते. पण पारो? ती गिल यांच्या सहवासात राहिलेली स्थानिक स्त्री. अजिंठे गावी तिची कबर आहे आणि शिळेवर 23 मे 1856 ही तारीख कोरलेली आहे. तिचा भरवशाचा पुरावा म्हणावा तर एवढाच. ती रंग कालवून देई, लेण्यांच्या वाटा दाखवी, या लोकांच्या तोंडच्या गोष्टी. त्यांवर ना. धों. महानोरांचे काव्य झाले, 2012 साली चित्रपटही निघाला. उत्तरायुष्यात गिल यांना आणखी एका देशी स्त्रीपासून दोन मुली झाल्या. 1879 साली भुसावळच्या वाटेवर त्यांचा अंत झाला आणि भुसावळच्या कबरस्तानात त्यांना मूठमाती मिळाली.

हे लिहिताना मला घरची आठवण होते. माझे वडील दरबारी गवई. गाण्याची परंपरा कोणी विचारली की गुरू, गुरूंचे गुरू अशी नावे ते कानाला हात लावून घेत. पहिला सूर मात्र त्यांनी जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आईकडून घेतला होता. त्या माउलीचे नाव परंपरेत कधी आले नाही. मलाही ते आत्याने सांगितले तेव्हा कळले. उपाध्यायांच्या वहीत पुरुषांच्या पिढ्यान् पिढ्या सापडतात, घरच्या बायकांची नावे मात्र म्हाताऱ्या माणसांनाच विचारावी लागतात. ती माणसे आहेत तोवर विचारून लिहून ठेवावीत हे बरे.

आमच्याकडची मंडळी नागपूरहून रेल्वेने अजिंठा पाहायला जातात, तेव्हा भुसावळ वाटेतच लागते. तेथे साहेबांची कबर आहे. लेण्यांपर्यंत गेलात तर घाट चढून अजिंठे गावातही जाऊन यावे. पारोचा दगड तेथे आहे.